पंचवीस हजारांत स्ट्रॅटचा सूर: सांगली-मिरजेत परवडणारी इलेक्ट्रिक गिटार कशी निवडावी

फेंडरची अमेरिकेत बनलेली स्ट्रॅटोकास्टर, म्हणजेच स्ट्रॅट, भारतात घ्यायची तर दीड-दोन लाखांच्या पुढेच बोलावं लागतं. गिब्सनची लेस पॉल स्टँडर्ड त्याच्याही वर. गणपतीत ऑर्केस्ट्रात वाजवणारा पोरगा असो, गॅदरिंगची तयारी करणारी कॉलेजची मुलगी असो, की चाळिशीत हौस जागी झालेला बँकेतला माणूस. एवढे पैसे यांना परवडत नाहीत आणि खरं सांगायचं तर गरजही नसते. या गिटारींचा जो आवाज आपल्या कानात बसलाय त्यामागची कारणं मोजता येण्यासारखी आहेत. ती ओळखता आली तर त्यातला मोठा वाटा पंधरा ते तीस हजारांत मिळतो.

आपल्या भागात हे समजावायला फार त्रास पडत नाही. मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत कुणीही सांगेल की भोपळा कितीही देखणा असो, तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी नीट लागली नसेल तर तो बोलत नाही. इलेक्ट्रिक गिटारमध्ये ते काम सेटअप करतो, म्हणजे तारांची उंची, गिटारीची मान आणि सूर नीट बसवून घेणं. दुकानातून आलेली वीस हजारांची गिटार आणि नीट सेटअप झालेली तीच गिटार, यांत फरक इतका असतो की वाजवणाऱ्याला ती दुसरीच वाटते. म्हणून या लेखात मॉडेलांची नावं कमी आणि तपासण्या जास्त आहेत.

आधी आवाज ठरवा

"मला स्ट्रॅट हवी" म्हणणाऱ्याला नक्की काय हवं असतं? कुणाला तो काचेसारखा स्वच्छ, थोडा टोकदार आवाज हवा असतो, कुणाला फक्त तो आकार. दोन्ही चालतं, पण आपल्याला काय हवंय ते खरेदीच्या आधी कळलेलं बरं.

तीन मूळ घराणी लक्षात ठेवली तरी पुरे. पहिलं टेलिकास्टर. 1950 साली ती ब्रॉडकास्टर नावाने आली आणि 1951 मध्ये टेलिकास्टर झाली. सपाट बॉडी, दोन सिंगल कॉइल पिकअप (तारांचा कंप विजेत बदलणारी चुंबकाची वेटोळी), पक्का ब्रिज, म्हणजे बॉडीवरची घोडी. दुसरं 1954 ची स्ट्रॅटोकास्टर: तीन सिंगल कॉइल, दांड्याने हलणारा ट्रेमोलो ब्रिज, अंगाला बसणारी वळणदार बॉडी. तिसरं 1952 ची गिब्सन लेस पॉल. तिच्यावर 1957 पासून हंबकर पिकअप आले, आणि आज लेस पॉलचा म्हणून जो जाड, गोल आवाज आपण ओळखतो तो त्यांचाच.

सिंगल कॉइल म्हणजे तारेचं एकच वेटोळं. आवाज उघडा येतो, पण घरातल्या विजेच्या 50 हर्ट्झची गुणगुणही तो पकडतो. हंबकरमध्ये दोन वेटोळी एकमेकांच्या उलट जोडलेली असतात, त्यामुळे गुणगुण मरते आणि आवाज भरदार होतो. दुसरं मोजमाप स्केलचं, म्हणजे नटपासून (डोक्याजवळच्या खाचांच्या पट्टीपासून) ब्रिजपर्यंत वाजणाऱ्या तारेच्या लांबीचं. फेंडर घराण्यात ती 25.5 इंच (648 मिमी), गिब्सनमध्ये साधारण 24.75 इंच (628 मिमी). दोन सेंटिमीटरचा हा फरक हाताला लगेच कळतो. लांब स्केलवर तारा ताठ लागतात आणि सूर सुटा वाजतो, आखूड स्केलवर तार ओढणं सोपं जातं. लहान पंजाच्या माणसाने हे आवर्जून बघावं.

लाकडावरून फार वाद घालतात लोक. माझं मत सरळ आहे: या किमतीत लाकूड कुठलं, हे सगळ्यात शेवटी विचारायचं. पिकअप, स्केल, ब्रिज आणि नेकचा, म्हणजे मानेचा, सरळपणा हे त्याच्या बरंच आधी येतं.

ऑर्केस्ट्रात हिंदी-मराठी सगळंच वाजवायचं असेल आणि एकच गिटार घेता येणार असेल, तर एचएसएस मांडणी बघा. म्हणजे ब्रिजपाशी हंबकर आणि पुढे दोन सिंगल कॉइल. भावगीतामागे हळू कॉर्ड धरायला सिंगल कॉइल, आणि तासाभराने नाचाचं गाणं सुरू झालं की हंबकर.

स्ट्रॅटसारख्या दिसणाऱ्या इतक्या गिटारी का असतात

अमेरिकेत स्ट्रॅटच्या बॉडीचा आकार कुणा एका कंपनीच्या मालकीचा उरलेला नाही. फेंडरने आपल्या बॉडीच्या आकारांवर ट्रेडमार्क मागितला होता. ते आकार इतक्या जणांनी इतकी वर्षं वापरलेत की ते एकट्या फेंडरची ओळख सांगत नाहीत, असं म्हणून 2009 साली अमेरिकेत तो अर्ज फेटाळला गेला. हेडस्टॉकचा, म्हणजे खुंट्या बसवलेल्या डोक्याचा आकार मात्र कंपन्या जिवापाड जपतात. 1977 मध्ये गिब्सनच्या तेव्हाच्या मालक कंपनीने आयबानेझच्या अमेरिकी वितरकावर दावा लावला तो याच डोक्याच्या आकारावरून.

खरेदीला याचा उपयोग असा: बॉडी स्ट्रॅटची, डोकं वेगळं आणि नाव स्वतःचं असेल, तर ती प्रामाणिक पर्यायी गिटार. डोकं हुबेहूब फेंडरचं, त्यावर फेंडरचंच नाव आणि किंमत बारा हजार असेल, तर ती नकली. नकली गिटार वाजतच नाही असं नाही, पण विकताना ती गळ्यात पडते आणि सुट्या भागांची मापं जुळतील याची खात्री नसते.

अधिकृत स्वस्त वाट वेगळी आहे. व्ही. सी. स्क्वायर ही तारा बनवणारी जुनी अमेरिकी कंपनी फेंडरने 1965 मध्ये घेतली होती. 1982 पासून त्या नावाने फेंडरच्या परवडणाऱ्या गिटारी निघू लागल्या. गिब्सनकडे तेच काम एपिफोन करते, जी 1957 पासून त्यांच्या घरात आहे. या दोघांच्या गिटारीवर मूळ आकार कायदेशीरपणे मिळतो.

पैशांची वाटणी

सगळा पैसा गिटारीत घालून ॲम्पला (आवाज मोठा करणाऱ्या पेटीला) उरलं नाही की ती गिटार पलंगाखाली जाते. पंचवीस हजार हातात असतील तर मी अशी वाटणी करेन: गिटार 15,000, छोटा ॲम्प 5,500, सेटअप आणि नव्या तारा 1,500, केबल-बॅग-पट्टा-पिक-क्लिपचा ट्यूनर 2,000, आणि हजार रुपये हाताशी. सहा महिन्यांत काहीतरी लागतंच.

किमती सणासुदीला आणि डॉलरप्रमाणे हलतात, म्हणून पुढचे आकडे अंदाजाचे धरा. दहा-बारा हजारांपर्यंत भारतीय दुकानदारांचे स्वतःचे ब्रँड आणि चिनी बनावटीच्या गिटारी मिळतात. यात एकाच मॉडेलची एक गिटार उत्तम आणि शेजारची वाकडी निघू शकते, त्यामुळे हातात घेतल्याशिवाय घेऊ नये. पंधरा ते वीस-बावीस हजारांत यामाहा पॅसिफिका 012, स्क्वायर सॉनिक, आयबानेझ जिओ आणि कोर्टच्या सुरुवातीच्या गिटारी येतात. पहिली इलेक्ट्रिक घेणाऱ्याने याच टप्प्यात थांबावं असं माझं मत. डोळे झाकून एक नाव सांगा म्हटलं तर मी पॅसिफिका सांगतो, कारण तिच्यात एचएसएस मांडणी मिळते आणि एका गिटारीपासून दुसरीपर्यंत दर्जा फारसा हलत नाही. कोर्टला लोक उगाच कमी लेखतात. ही कोरियन कंपनी इंडोनेशियातल्या आपल्या कारखान्यात इतर नामांकित ब्रँडच्या गिटारीही बनवते.

तीस हजारांच्या आसपास स्क्वायर ॲफिनिटी आणि पॅसिफिका 112 येतात. पन्नासच्या आसपास स्क्वायर क्लासिक व्हाइब, जिच्यात पिकअप आणि सफाई दोन्ही एक पायरी वर जातात. रात्री कार्यक्रम करून पैसे मिळवणाऱ्याला ती शोभते. घरी शिकणाऱ्याला घाई नाही. लेस पॉलचा आवाज हवा असेल तर एपिफोन बघा. तिच्या स्वस्त आवृत्त्यांत नेक बहुधा बोल्टने बसवलेली असते, चिकटवलेली नसते. त्यात कमीपणा नाही, उलट दुरुस्तीला सोपं.

या सगळ्या टप्प्यांत एक गोष्ट टाळा: स्वस्त गिटारीवरचा फ्लॉइड रोजसारखा तारा कुलूपबंद करणारा तरंगता ट्रेमोलो. एक तार तुटली की सगळ्या बेसूर होतात, आणि नवख्याचा अर्धा वेळ जुळवण्यातच जातो.

दुकानात पंधरा मिनिटं

सांगली-मिरजेत गिटार विकणारी दुकानं आहेत, पण इलेक्ट्रिकचा साठा बहुधा मोजकाच असतो. कोल्हापूर किंवा पुण्याला चक्कर होणार असेल तर निवड वाढते. कुठेही गेलात तरी दुकानदार "बघा की सर, एकदम कोरी हाय" म्हणतोच. हसून मान हलवायची आणि आपलं काम सुरू करायचं.

पहिल्यांदा नेक. गिटार आडवी धरून डोक्याकडच्या बाजूने एक डोळा मिटून नेकच्या कडेवरून ब्रिजकडे बघा. कड जवळपास सरळ, मधे किंचित खोलगट दिसली तर छान. पाठीकडे कमान किंवा जास्त खोल असेल तर ट्रस रॉडने, म्हणजे नेकच्या आतल्या सळईने, सुधारू शकतं. पण एक कड वर आणि दुसरी खाली, म्हणजे नेक पिळलेली दिसली, तर ती गिटार तिथेच ठेवा. पीळ घरी निघत नाही.

मग तळहात नेकच्या कडेवरून खालपासून वरपर्यंत फिरवा. फ्रेटची, म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची, टोकं करवतीसारखी बोचतात का? लाकूड कोरडं पडून आकसलं की धातूची टोकं बाहेर येतात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात हे हटकून दिसतं. थोडं असेल तर कारागीर कानस मारून देतो, बोट कापण्याइतकं असेल तर किंमत कमी करून घ्या किंवा दुसरी मागा.

नटची परीक्षा फार थोडे लोक करतात आणि तीच सगळ्यात उपयोगी. प्रत्येक तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर तार आणि धातू यांत किती फट राहते ते बघा. केसाएवढी फट हवी. पोस्टकार्ड शिरेल एवढी असेल तर नटची खाच उथळ आहे. अशा गिटारीवर पहिल्या तीन फ्रेटवरचे कॉर्ड बोटं दुखवतात आणि जुळवलेली असूनही बेसूर लागतात. नवखा समजतो, आपलीच बोटं कच्ची.

आता प्रत्येक तारेचा प्रत्येक फ्रेट एकेक करून वाजवा. कंटाळवाणं काम आहे, पण करा. एखाद्याच ठिकाणी खरखर येत असेल तर तो फ्रेट उचललेला आहे. बाराव्या फ्रेटच्या पुढे पहिली तार वर ओढून बघा, सूर मधेच मरतो का ते कळेल. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून हार्मोनिक वाजवा, मग तिथेच दाबून वाजवा, दोन्ही ट्यूनरवर बघा. थोडा फरक सॅडल, म्हणजे ब्रिजवर तार टेकते तो तुकडा, सरकवून निघतो. सॅडल सरकायला जागाच उरली नसेल तर मामला गंभीर.

शेवटी "दादा, ॲम्पला लावून द्या" म्हणा. सगळे स्विच, सगळे नॉब फिरवा. नॉब फिरवताना होणारी किरकिर धुळीची असते, विजेच्या भागांसाठीच्या क्लीनरच्या फवाऱ्याने जाते. सिंगल कॉइलची थोडी गुणगुण चालते, पण तारांना हात लावल्यावर ती कमी झाली पाहिजे. हात लावल्यावर वाढली तर गिटारीच्या किंवा दुकानाच्या वायरिंगमध्ये गडबड आहे. जॅकमध्ये केबल हळूच हलवा, आवाज तुटता कामा नये.

ऑनलाइन मागवत असाल तर याच तपासण्या परत करण्याच्या मुदतीत उरका. खोका उघडतानाचा व्हिडिओ काढा. उन्हात तापलेल्या गाडीतून आलेला खोका लगेच न फोडता घरात काही तास राहू द्या.

जुनी घेताना महापुराची आठवण ठेवा

जुनी गिटार हा परवडण्याचा सगळ्यात चांगला मार्ग. तीस हजारांची ॲफिनिटी थोडी वापरून निम्म्याच्या आसपास विकणारे भेटतात, कारण हौस आटोपलेली असते. पण कृष्णाकाठी एक तपासणी वेगळी करावी लागते. 2019 आणि 2021 च्या महापुरात सांगलीत कितीतरी घरांचे तळमजले पाण्यात होते. त्यातलं सामान पुसून-वाळवून आजही विकायला येऊ शकतं, आणि विकणाऱ्याला ते माहीतही नसेल.

बॉडीच्या मागची प्लास्टिकची झाकणं उघडायला सांगा. आत स्क्रूंना, स्प्रिंगांना आणि पॉटच्या (नॉबखालच्या भागाच्या) पत्र्याला तांबूस किंवा पांढरट थर दिसतो का? कोपऱ्यात बारीक गाळ? वरून चकाचक आणि आत गंजलेली गिटार मी घेणार नाही, कितीही स्वस्त दिली तरी. नेक जिथे बॉडीत बसते तिथे पॉलिश फुगलंय का तेही बघा. ट्रस रॉड फिरतो का हे विचारून, मालकासमोर पाव फेरा फिरवून खात्री करा. पाण्यातून निघालेल्या ॲम्पच्या वाटेला तर जाऊच नये.

लेस पॉलच्या पद्धतीची गिटार असेल तर डोक्याच्या मागे, नटच्या खाली, उजेडात नीट बघा. त्यांचं डोकं मागे कललेलं असतं आणि स्टँडवरून पडलं की नेमकं तिथेच तुटतं. चांगलं चिकटवलेलं असेल तर वर्षानुवर्षं टिकतं, पण मग किंमत तशी पाहिजे. बोल्टच्या नेकवर फ्रेट झिजून तारेच्या खाली खळगे पडलेत का एवढं पुरे.

सेटअप

हे काम येणारा माणूस जवळ असेल तर त्याला हजार-दीड हजार द्या आणि शेजारी बसून बघा. मिरजेत घोडीवर कानस चालवणारे हात पिढ्यानपिढ्या आहेत, मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. त्यांच्यातल्या एखाद्याला नटच्या खाचा करायला सांगता येतील, पण त्याने इलेक्ट्रिक गिटार आधी हाताळलीय का ते विचारूनच.

स्वतः करायचं असेल तर क्रम मोडू नका. नव्या तारा चढवा, सुरुवातीला 9-42 चा संच (हे आकडे तारांच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात). खुंटीवर दोन-तीन वेढे पुरे. तारा हाताने हलक्या ओढून पुन्हा जुळवा, सूर उतरायचा थांबेपर्यंत.

मग नेक. पहिला फ्रेट कॅपोने (तारा दाबून धरणाऱ्या चिमट्याने) किंवा बोटाने दाबा, दुसऱ्या हाताने जाड तार नेक आणि बॉडीच्या सांध्यापाशी दाबा. सातव्या फ्रेटजवळ तार आणि फ्रेट यांत पाव मिलिमीटर फट हवी, म्हणजे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी. जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने घट्ट करा, कमी असेल तर सैल करा. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही. पुन्हा जुळवा, पुन्हा मोजा. ॲलन की नीट बसली नसताना जोर लावला की ट्रस रॉडचा नट गोल होतो आणि मग खर्च मोठा.

त्यानंतर ॲक्शन, म्हणजे तारांची उंची. बाराव्या फ्रेटवर बारीक तारेखाली सुमारे 1.6 मिमी, जाड तारेखाली 2 मिमीच्या आत ठेवा. सॅडलचे बारीक स्क्रू फिरवून हे जमतं. खरखर आली तर थोडं वर. इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर खरा लागणं, शेवटी: बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर हार्मोनिकपेक्षा चढा असेल तर सॅडल मागे न्या, उतरता असेल तर पुढे आणा.

पिकअपच्या उंचीकडे कुणी बघत नाही. सिंगल कॉइलचे चुंबक तारांच्या फार जवळ गेले की ते तारेला खेचतात, आणि वरच्या फ्रेटवर जाड तार थरथरती, दुहेरी सुरात वाजल्यासारखी लागते. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून चुंबक आणि तार यांत दोन मिलिमीटर ठेवा, कानाने ऐकत थोडं वर-खाली करा. कित्येकदा "या गिटारीचे पिकअप बेकार आहेत" ही तक्रार स्क्रूड्रायव्हरने मिटते.

ट्रेमोलोचा दांडा तुम्ही वापरणार नसाल तर मागच्या स्प्रिंगांचे स्क्रू घट्ट करून ब्रिज बॉडीला टेकवून टाका. सूर टिकतो.

ॲम्प आणि अर्थिंग

घरासाठी दहा वॅटच्या आतला ॲम्प भरपूर. फ्लॅटमध्ये रात्री वाजवायचं असेल तर हेडफोनचं भोक असलेलाच घ्या. परदेशातून कुणी आणून देत असेल तर तो 230 व्होल्टवर चालतो का ते आधी विचारा.

आणि आता जीवाची गोष्ट. गिटारीच्या तारा ब्रिजमधून, केबलमधून ॲम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. जुन्या वाड्यांत तीन पिनचा सॉकेट असतो, पण त्याच्या मागे अर्थिंगची वायर असेलच असं नाही. अशा ठिकाणी बिघडलेल्या ॲम्पचा करंट तारांवर येऊ शकतो. गुणगुण कमी करायला ॲम्पची तिसरी पिन काढणारे महाभाग आहेत, तसं कधीही करू नका. मंडळाच्या स्टेजवर ॲम्प एका बोर्डावर आणि माइकचं मिक्सर दुसऱ्या बोर्डावर असलं की ओठ माइकला लागल्यावर झटका बसतो. पावसात ओल्या स्टेजवर तो जिवावर बेतू शकतो. सगळं एकाच बोर्डावरून घ्यायला लावा, आणि सुरू करण्याआधी टेस्टर तारांना लावून बघा. दिवा लागला तर गिटारीला हात लावायचा नाही, आधी वायरमन. टेस्टर लागला नाही म्हणून अर्थिंग आहेच असंही नाही, घरचं अर्थिंग एकदा वायरमनकडून मोजून घ्या.

नंतरचे खर्च

पहिल्या वर्षी पिकअप बदलायच्या नादाला लागू नका. तारा दर दोन-तीन महिन्यांनी बदला, घाम जास्त येत असेल तर आधीच. नट प्लास्टिकचा आणि खाचा ओबडधोबड असतील तर हाडाचा नट बसवून घ्या, थोडक्या पैशांत सगळ्यात जास्त फरक त्याने पडतो. खुंट्या सैल असतील तर त्यानंतर खुंट्या. पिकअप तिसऱ्या नंबरवर, आणि तेही तोपर्यंत तुम्हाला नेमकं काय कमी वाटतंय ते सांगता येत असेल तरच.

पावसाळ्यात बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि गिटार बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. नेक वर्षातून दोनदा तपासा: एकदा जूनच्या शेवटी, हवा ओली झाल्यावर, आणि एकदा दिवाळीनंतर. बहुतेक वेळा ट्रस रॉडचा पाव फेरा पुरतो.